सायकॉलॉजी सोडून कॉमेडी करायची म्हणते, काय करू?

ताई, नमस्कार. मुलीने सायकॉलॉजीत मास्टर्स केलं, क्लिनिकमधे काउन्सेलरची नोकरी पण चांगली चाललीय आणि आता म्हणते सगळं सोडून स्टँडअप करणार, मग एवढं शिक्षण वाया गेलं का असं तुम्ही विचारलंय. वाया नाही जात, पण नोकरी आत्ताच सोडू नये असं माझं मत.

असं करणारी ती पहिली नाही. ब्रिटनची जो ब्रँड दहा वर्षं मेंटल हेल्थमधे नर्स होती, मग कॉमेडीत आली. अमेरिकेचा केन जाँग डॉक्टर, दिवसा पेशंट आणि रात्री क्लबमधे सेट (स्टेजवर काही मिनिटं सलग जोक सांगणं) असं कितीतरी वर्षं केलं, २००७ मधे सिनेमात रोल मिळाला (तो पण डॉक्टरचाच!) तेव्हा कुठे प्रॅक्टिस सुटली. पामेला स्टीफन्सन तर उलटी गेली, आधी टीव्हीवर कॉमेडी आणि नंतर शिकून सायकॉलॉजिस्ट.

मला खरी काळजी पैशापेक्षा मटेरियलची वाटते. सेशनमधे ऐकलेलं स्टेजवर न्यायचं नाही म्हणजे नाही, नाव बदललं, वय बदललं तरी ज्याची गोष्ट आहे तो ओळखतोच, आणि एकदा का त्याने ओळखलं की तो परत कुठल्याच काउन्सेलरसमोर मोकळा बोलणार नाही. शिवाय आजकाल क्लायंट आधी नाव सर्च करतात, तिचे व्हिडिओ त्यांना दिसणारच, तेव्हा सुपरव्हायजरशी आत्ताच बोलून ठेवलेलं बरं. स्वतःवर, ट्रेनिंगवर, फुकट सल्ला मागणाऱ्या नातेवाइकांवर जोक करू दे की, तेवढं पुरतं.

ट्रेनिंगचा फायदा होतो, माणूस काय लपवतोय ते पटकन कळतं. पण काही सवयी आड येतात, काउन्सेलिंगमधे समोरचा गप्प झाला की आपण पण थांबायचं असतं, स्टेजवर तीच शांतता म्हणजे जोक पडला.

ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेजवर संधी देणाऱ्या कार्यक्रमांत, बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. पाच मिनिटांचा सेट वेगवेगळ्या लोकांसमोर चालायला लागला, पैसे देणारे स्पॉट नियमित यायला लागले की मग नोकरी पार्टटाइम करावी. लायसन्स असेल तर रिन्यू करत राहायचं, परत मिळवणं जास्त कटकटीचं. ऑफिसांमधे स्ट्रेसवर हसतखेळत वर्कशॉप घेणं हा मधला मार्ग पण आहे, मात्र हसण्याने डिप्रेशन बरं होतं असले दावे करू नयेत.

आणि तिचा सेट बघायला जा, पण आधी विचारून, घरचे समोर असले की काहींची गडबड होते. तुमच्यावर जोक असणार हे धरूनच चला.