वाचकांचे प्रश्न : राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते

प्रश्न : माझे वय 63 आहे, यजमानांचे 70. आम्ही दोघेच कोथरूडला राहतो. 7 वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) निदान झाले. दिवसातून पाच वेळा गोळ्या, आंघोळ, सदऱ्याची बटणे, जेवण, रात्रीचे उठणे, सगळे माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात संध्याकाळी हे बाथरूमच्या उंबरठ्याशी अडकून उभे राहिले. मी बराच वेळ ‘चला, चला’ म्हणत होते. शेवटी दंडाला धरून ओढले, तेव्हा त्यांचा तोल गेला आणि ते भिंतीवर आदळले. लागले काही नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. तासाभराने शेजारचे गृहस्थ आले, तर हेच उठून दारापर्यंत चालत गेले आणि त्यांच्याशी दहा मिनिटे बोलले. हे माझ्याच वाट्याला मुद्दाम येते का, असे तेव्हा वाटले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी असे कधी वागले नव्हते. मी वाईट झाले आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही वाईट झालेल्या नाहीत, तुम्ही थकलेल्या आहात. मात्र ओढण्याचे आधी बोलू, कारण त्यात खरा धोका आहे. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि हे नेमके दारात, उंबरठ्याशी, वळताना किंवा घाईच्या वेळी होते. अशा वेळी ओढले किंवा ‘चला’चा धोशा लावला तर पाय आणखी घट्ट होतात, पण शरीराचा वरचा भाग पुढे जातो आणि माणूस पडतो. तेव्हा घाई पूर्ण थांबवावी. त्यांना सरळ उभे राहू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगावे आणि मग ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका धरावा. उंबरठ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारून ठेवल्या तर ती रेघ ओलांडायची म्हणून पाऊल उचलले जाते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. आपोआप होणारी हालचाल बिघडलेली असते, पण ठरवून केलेली हालचाल मेंदू दुसऱ्या वाटेने घडवून आणू शकतो.

शेजाऱ्यांपुढे ते चालले, याचेही उत्तर यातच आहे. एक तर मधल्या तासात गोळीचा असर सुरू झाला असेल. दुसरे म्हणजे बाहेरचे कोणी आले की माणूस सावध होतो, मन एकवटते आणि थोड्या वेळापुरती हालचाल सुधारते. पाहुणे गेल्यावर ते किती गळून जातात, ते एकदा पाहा. डॉक्टरांच्या खोलीतही हेच घडते, आणि मग ‘बरे आहेत की हे’ असे ऐकून पत्नी खोटी पडल्यासारखी परत येते. म्हणून एका वहीत चार-पाच दिवस गोळीच्या वेळा आणि अडकण्याच्या वेळा लिहून न्याव्यात. गोळ्यांचे वेळापत्रक बसवताना न्यूरॉलॉजिस्टला त्या नोंदी फार उपयोगी पडतात.

आता त्या चेहऱ्याविषयी. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त दुखरी वाटलेली जागा हीच आहे. मेंदूत हालचालींचे निरोप पोचवणारे डोपामिन हे द्रव्य कमी झाले की चेहऱ्याच्या स्नायूंची सहज हालचाल मंदावते, पापण्यांची उघडझाप कमी होते, आवाज बारीक होतो. आत माया असते, ओशाळलेपण असते, कधी भीतीही असते, पण यातले काहीच चेहऱ्यावर उमटत नाही. आपण जन्मभर समोरच्याचा चेहरा वाचून जगतो. तिथे काहीच दिसले नाही की मन आपोआप ‘याला माझी किंमत नाही’ असा अर्थ लावते, आणि सेवा करणाऱ्याला याहून अधिक काहीही पोखरत नाही. यावर उपाय एवढाच, की चेहऱ्याला विचारायचे नाही, माणसाला विचारायचे. गोळीचा असर असताना समोर बसून ‘त्या दिवशी मी ओढले, तुम्हाला काय वाटले?’ असे विचारा आणि उत्तराला वेळ द्या. त्यांना शब्द जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मनात सावकाश दहा आकडे मोजा आणि मध्ये बोलू नका. माफी मागावीशी वाटत असेल तर तेव्हाच मागा. ती मनात कुढत ठेवलेली अपराधी भावना पुढच्या रागाचे कारण होते.

तुमचा राग जगावेगळा नाही. सेवा करणाऱ्यांवरचा भार मोजण्यासाठी 1980 साली तयार झालेली झारिट यांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. तिच्या आज प्रचलित असलेल्या 22 प्रश्नांमध्ये ‘रुग्णाजवळ असताना तुम्हाला राग येतो का?’ असा सरळ प्रश्न आहे. हा राग इतक्या घरांत येतो, की त्याची विचारपूस करणे तज्ज्ञांना आवश्यक वाटले.

तरीही रागाला समजून घेतल्याने तो कमी होणार नाही, झोपेने होईल. ते रात्री ओरडतात, हातपाय झाडतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तसे असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण तो या आजाराचाच भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तोवर शेजारी वेगळ्या पलंगावर झोपण्यात गैर काही नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी कोणी तरी घरी थांबेल अशी व्यवस्था करा आणि त्या वेळात औषधे किंवा भाजी आणायला जाऊ नका. कमला नेहरू पार्कात नुसत्या बसलात तरी चालेल. आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. तिथे रुग्णांइतकीच त्यांची सेवा करणारी माणसेही येतात. उंबरठ्याशी काय होते, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, जेवणावरची वासना गेली असेल किंवा ‘आपण दोघे संपलो तर बरे’ असे विचार येत असतील, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. हडपसरला मी, माझी पत्नी आणि आई मिळून त्यांचे करतो. भाऊ परदेशात आहे. तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘बाबा छान दिसतायत’ म्हणतो आणि खाजकुइलीचे चूर्ण द्या, अमुक व्यायाम करून घ्या, असे सांगतो. त्याचा फोन आला की माझे डोके दुखू लागते. त्याच्याशी कसे बोलावे?

उत्तर : चूर्णाचे आधी. खाजकुइलीच्या बियांमध्ये निसर्गतःच लेव्होडोपा असते, म्हणजे वडिलांच्या गोळीत बहुधा असलेलेच द्रव्य. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ते दिले तर एकूण मात्रा वाढू शकते. हे भावाला शांतपणे सांगा, कारण तो काळजीपोटीच बोलतो आहे.

त्याला रविवारची दहा मिनिटे दिसतात, मंगळवारची रात्र दिसत नाही. तक्रार करण्याऐवजी त्याला ठरावीक कामे द्या. रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोतून मावशी ठेवल्यात, तर त्यांचा पगार तो उचलू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीचा ऑनलाइन अर्ज तो तिथे बसून भरू शकतो. आणि तो सुट्टीवर येईल तेव्हा पाहुणा म्हणून येऊ नये. आठ दिवस गोळ्यांच्या वेळा, आंघोळ आणि रात्री उठणे हे सारे त्याच्याकडे द्यावे आणि तुम्ही तिघांनी गावाला जावे. हे त्याला तिकीट काढण्यापूर्वीच कळवा. त्या आठ दिवसांत घरून आईला फोन करायचा नाही, अशी ताकीदही भावाला द्या.