पुण्याचं मॅक्सम्युलर भवन जर्मन सरकारचं आहे ना? मग जर्मन भाषेच्या कोर्सला एवढी फी का?

थेट सरकारी खातं नाही. ही गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीचा जगभर प्रसार करणाऱ्या संस्थेची, शाखा आहे. संस्था १९५१ ची, मुख्यालय जर्मनीत म्युनिकला. (भारतात नाव मॅक्सम्युलर या जर्मन संस्कृत पंडिताचं, आणि तो बाबा उभ्या आयुष्यात इकडे फिरकला नाही!) कागदोपत्री संस्था स्वतंत्र, पण १९७६ पासून जर्मन परराष्ट्र खात्याशी करार आहे आणि मोठा पैसा तिथूनच येतो. बाकीचा तुमच्याआमच्या फीतून. शिक्षणाला किंवा नोकरीला जर्मनीत जायचं तर ए१, बी१ अशी भाषेच्या पातळीची प्रमाणपत्रं अनेकदा मागतात, त्यामुळे गिऱ्हाईक आपसूक येतं. माझ्या मते खरा सांस्कृतिक प्रचार वर्गाबाहेर चालतो: सिनेमे, ग्रंथालय, जर्मन पुस्तकांच्या अनुवादाला अनुदान. फ्रेंच शिकवणाऱ्या अलियान्स फ्रान्सेजचा कारभार निराळा, तिथे शाखा स्थानिक मंडळ म्हणून नोंदलेली असते.