नवीन क्रँक टाकण्याआधी जुना का तुटला ते शोधा

तुम्ही लिहिलंय की सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, लोड घेऊन चढताना जोरात ठोका आला, ऑइल प्रेशर शेवटपर्यंत नीट होतं आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) तुटूनही इंजिन थरथरत चालूच राहिलं. आता मेकॅनिक म्हणतोय ब्लॉक आहे तसाच ठेवू, नवीन क्रँक अन बेअरिंग टाकू, झालं. माझं ऐकाल तर तिथेच थांबा. क्रँक उगाच तुटत नाही, आणि कारण तसंच राहिलं तर नवाही तुटणार.

आधी तुटलेले दोन्ही तुकडे डिझेलने स्वच्छ करा आणि उजेडात बघा. पृष्ठभाग ठोकून किंवा घासून खराब करू नका, सगळं तिथेच लिहिलेलं असतं. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या बारीक रेघा एका कोपऱ्यातून पसरलेल्या दिसतील. तडा सुरू झाला तो भाग गुळगुळीत असतो आणि शेवटी एकदम तुटला तो खरखरीत, दाणेदार. तडा जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागावर) साधारण ४५ अंशात तिरका गेला असेल, त्यातही ऑइलच्या भोकापासून निघाला असेल तर पीळ पडून तुटलाय, म्हणजे पहिला संशय पुढच्या डॅम्परवर (क्रँकचा पिळाचा कंप शोषणारी पुढची चकती). जर्नल आणि वेब (दोन जर्नल जोडणारा क्रँकचा चपटा भाग) जिथे मिळतात त्या गोल कोपऱ्यातून निघून वेबमधून आडवा गेला असेल तर क्रँक वाकत होता, मग मेन बेअरिंगची लाईन, म्हणजे क्रँक बसायच्या सगळ्या जागा एका सरळ रेषेत आहेत का, ते बघायचं. आणि क्रँक आधी ग्राइंड केलेला असेल तर तो गोल कोपरा किती राहिलाय ते बघाच, ग्राइंडिंगवाल्याने तिथे धार ठेवली की तडा तिथूनच सुरू होतो.

सिलिकॉनवाला डॅम्पर असेल तर बाहेरून चांगला दिसला तरी परत लावू नका. आतलं सिलिकॉन वर्षानुवर्षं तापून घट्ट होतं, बाहेर काही कळत नाही. क्रँक तुटलाय ना, मग डॅम्पर नवाच.

आता ब्लॉक, इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. बेअरिंगचे शेल (अर्ध्या गोल पट्ट्या) न घालता सगळ्या मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणारी झाकणं) आपापल्या नंबरवर, आपापल्या दिशेने बसवा, पूर्ण टॉर्क द्या, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळा, आणि प्रत्येक बोअर (बेअरिंग बसायचं गोल भोक) गेजने दोन-तीन दिशांनी मोजा. मग कॅप काढून ब्लॉकच्या खाचांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लाईन तपासा. एखादं बेअरिंग आपल्या जागेत फिरलं असेल तर त्या जागेचा ब्लॉक तापून आकार बदललेला असू शकतो, निळसर काळा पडलाय का बघा. लाईन गेली असेल तर लाईन बोअरिंग (सगळे बोअर एका रेषेत पुन्हा कापणं) करायचं, ते जमत नसेल तर ब्लॉक बदलायचा, मधला मार्ग नाही. कॅप अदलाबदल तर अजिबात नको, त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात.

कनेक्टिंग रॉड वाकलेत किंवा पीळ खाल्लाय का ते तपासून घ्या. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आतून ब्रश मारा, आणि ऑइल कूलर शक्यतो बदलाच, त्याच्यात अडकलेला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये जातो. टर्बोलाही तेच ऑइल मिळतं, त्याचा प्ले (दांडा किती सैल हलतो ते) बघा.

नव्या क्रँकचीही ऑइलची भोकं धुवून हवा मारा, जर्नल मायक्रोमीटरने मोजा, तेव्हाच बेअरिंग साइज ठरवा. भोक असलेला मेन शेल ब्लॉकच्या बाजूला, उलटा बसला तर ऑइलच बंद होतं. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांच्या) खाचा क्रँककडे. बोल्टला टॉर्कनंतर कोन द्यायचा, म्हणजे आणखी ठराविक अंश फिरवायचा असेल तर बरेच कंपनीवाले नवीनच वापरायला सांगतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. प्रत्येक कॅप घट्ट केली की क्रँक हाताने फिरवून बघा, जिथे जड झाला तिथेच थांबून ती कॅप उघडा, पुढे घट्ट करत जाऊ नका. एंड प्ले (क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते) डायल गेजने मोजा, आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच.

सुरू करताना डिझेल बंद ठेवून थोडं थोडं स्टार्टर मारा, मध्ये स्टार्टरला गार होऊ द्या, प्रेशर दिसल्यावरच डिझेल द्या. पहिल्यांदा इंजिन थोडं चालवून झालं की ऑइल फिल्टर कापून कागद पसरून बघा. तांब्याच्या रंगाचे चमकदार कण दिसले तर लोड घालू नका, खालचा ऑइलचा चेंबर काढून बेअरिंग बघा.