जंगलाची ओढ, वेध की भूल?

प्रश्न असा आहे. ताडोबाहून परतलेल्या एका वाचकानं प्रवासाची नोंद लिहायला घेतली आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘जंगलाचं आकर्षण मला पुन्हा पुन्हा बोलावतं.’ घरच्यांचं म्हणणं पडलं, व्याकरणात चूक नाही, पण असं कोणी बोलत नाही. मग आकर्षणाच्या जागी ओढ, वेध, भूल, नाद यांतलं काय बसेल? रानावनात जाऊन आल्यावर मनाचं जे होतं त्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे का? आणि जाता जाता, ‘ताडोबाची’ लिहायचं की ‘ताडोब्याची’?

एकच शब्द नाही. ही भावना जाण्याआधी एक असते, आत असताना दुसरी आणि परतल्यावर तिसरी, आणि मराठीनं या तिन्ही वेळांना वेगवेगळे शब्द दिले आहेत. म्हणून आधी ठरवायचं ते हे की आपण कोणत्या वेळेबद्दल लिहितो आहोत.

पहिल्यांदा घरच्यांचा आक्षेप. ‘आकर्षण’ आणि ‘ओढ’ यांच्या मुळाशी क्रिया एकच आहे. आकर्षणातल्या ‘कृष्’ धातूचा अर्थ ओढणे, नांगर ओढणे. ‘कृषी’ त्याच धातूतून आली. तरीही दोन्ही शब्द एकाच जागी चालत नाहीत. आकर्षण वस्तूत असतं, ओढ माणसात असते. ‘वाघ हे ताडोबाचं मुख्य आकर्षण आहे’ हे ठीक वाटतं. ‘वाघ ही ताडोबाची मुख्य ओढ आहे’ असं मात्र म्हणता येत नाही. आकर्षण ‘वाटतं’, ओढ ‘लागते’. वाटण्यात थोडं अंतर आहे, विचार आहे. म्हणूनच पर्यटनाच्या माहितीपत्रकात आकर्षण शोभतं, आणि जिव्हाळ्यानं लिहिलेल्या नोंदीत ते परकं वाटतं.

दुसरी अडचण ‘बोलावतं’मध्ये आहे. जंगलाची हाक, जंगलाची साद हे प्रयोग मथळ्यांत इतके रुळले आहेत की ते मुळात इंग्रजी वळणाचे असावेत ही शंकाही येत नाही. गावाकडच्या मराठीत रानातली हाक ही वेगळीच गोष्ट आहे. रात्री रानातून एकदाच हाक आली तर ओ देऊ नये, असं जुनी माणसं सांगत. आणि ‘हाका’ म्हणजे शिकारीसाठी आरडाओरडा करत, डबे वाजवत जनावरं पुढे काढणं. ‘रान उठवणे’ हा वाक्प्रचारही त्याच कामाशी जोडलेला. म्हणजे आपल्या भाषेत रानातल्या हाकेला भीती आणि शिकार चिकटलेली आहे. प्रेमानं लिहिताना ती हाक टाळलेली बरी, असं माझं मत.

आता मला ज्यात सर्वांत जास्त रस आहे ते. हे शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतात ते पाहा. ओढ लागते, वेध लागतात, नाद लागतो, वेड लागतं, लळा लागतो, हुरहूर लागते. दुसऱ्या बाजूला भूल पडते, भुरळ पडते, मोह पडतो, विसर पडतो. मराठीत भूक, तहान, धाप, आग या सगळ्या ‘लागतात’, तर स्वप्नं आणि प्रश्न ‘पडतात’. लागतं ते चिकटतं, आतून वाढत जातं. पडतं ते अचानक, आपल्या हातात नसताना वरून उतरतं. ही काटेकोर विभागणी नव्हे, झोपही लागतेच. पण जंगलाबद्दल लिहिताना हा फरक फार उपयोगी पडतो. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला जंगलाची भुरळ पडते. वर्षानुवर्षं जाणाऱ्याला ओढ लागलेली असते. ‘पहिल्याच भेटीत मला जंगलाची ओढ लागली’ हे लिहिता येतं, पण त्यात ‘तेव्हापासून’ दडलेलं आहे, आणि वाचणारा पुढच्या भेटींची वाट पाहू लागतो. शिवाय या सगळ्या वाक्यांत माणूस ‘मला’ म्हणून येतो, ‘मी’ म्हणून नाही. ‘मी ओढलो जातो’ असं लिहायची गरजच उरत नाही.

जाण्याआधीची अवस्था ‘वेध’ या शब्दाइतकी नेमकी दुसरा कोणताच शब्द पकडत नाही. व्यध् म्हणजे टोचणे, भेदणे. त्यातून ‘लक्ष वेधणे’ आलं, ‘वेधक’ आलं, आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा वेध घेणारी ‘वेधशाळा’ आली. ग्रहणाचे वेध म्हणजे ग्रहण लागण्याआधीचा, पण त्याच्या अमलाखाली गेलेला काळ. सूर्य अजून झाकलेला नसतो आणि घरातली जेवणाखाण्याची वेळ मात्र बदललेली असते. ताडोबाचा गाभ्याचा भाग पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, बंद असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला फाटक उघडायचं असतं, आणि सप्टेंबरात ज्यांच्या घरी मोहर्लीचं फाटक की कोलाऱ्याचं यावर बोलणं सुरू होतं, दुर्बीण पुसून ठेवली जाते, त्यांना जंगलाचे वेध लागलेले असतात. या अर्थी शब्द अनेकवचनीच हवा. ‘वेध लागला’ म्हटलं की त्याला भक्तीचा रंग येतो.

आत गेल्यावरची ती भूल. या शब्दाला जंगल मुळीच नवं नाही. वाट चुकणं म्हणजे वाटेची भूल पडणं. ‘रानभूल’ हा जोडशब्दच आहे. कोकणात याला चकवा लागणं म्हणतात: माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडापाशी येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेजारी छत्तीसगडात ‘भूलन कांदा’ नावाच्या वनस्पतीवर पाय पडला की वाट हरवते, असा समज आहे. पुढे हाच शब्द शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचला. भूलतज्ज्ञ देतात ती हीच भूल. भान हरपणं हा त्या सगळ्यांतला समान धागा. म्हणून नुसतं ‘जंगल सुंदर होतं’ म्हणण्यापेक्षा ‘भूल पडली’ म्हणणं अधिक खरं असतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या उपक्रमात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलेल्या माणसाचं जे होतं त्याला मी ‘तंद्री लागली’ही म्हणेन, कारण तिथे माणूस हरवत नाही, एका जागी खिळतो.

‘ओढ’ मी मुद्दाम मागे ठेवली, कारण हा शब्द वापरताना थोडी जबाबदारी येते. पाण्याला ओढ असते, ती प्रवाहाची. पाऊस लांबला की त्यानं ‘ओढ दिली’ म्हणतात. संध्याकाळी बैल घराच्या ओढीनं चालतात, आणि सासरी गेलेल्या मुलीला माहेरची ओढ असते. मनाची ओढ साधारणपणे आपल्या ठिकाणाकडेच असते. म्हणजे ‘मला जंगलाची ओढ आहे’ म्हणणारा नकळत सांगतो की ते ठिकाण माझं आहे. हे म्हणायचा पहिला हक्क ज्यांचा आहे त्यांची आठवण ठेवून हा शब्द वापरावा. ताडोबा हे नावच गोंडांच्या तारू या दैवताचं. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला अशी कथा आहे, आणि तलावाच्या काठी, मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. 1955 साली इथे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून पौषात लोक तिथे पूजेला येत. बोटेझरी, जामणी, नवेगाव-रामदेगी ही गावं व्याघ्रप्रकल्पासाठी उठून बाहेर वसली. तिथल्या माणसांच्या बोलण्यात ‘ओढ’ येते तेव्हा ती अगदी जुन्या अर्थानं, गावाची आणि देवाची ओढ असते. शहरातून जाणाऱ्यानं हा शब्द वापरूच नये असं मी म्हणत नाही. मनापासून लागते तिला दुसरं नावही नाही. पण एका सफारीनंतर ‘भुरळ’ लिहावं आणि ‘ओढ’ पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवावी.

परतल्यावरचे शब्द मला फार आवडतात: हुरहूर, रुखरुख, चुटपुट. तिन्ही दुहेरी नादाचे, तिन्ही ‘लागणारे’, आणि तरीही वेगळे. वाघानं नुकताच रस्ता ओलांडला होता, आपली जिप्सी दोन मिनिटं उशिरा पोचली, तर चुटपुट लागते. तलावाकाठी आणखी थांबायला हवं होतं, थांबलो नाही, याची रुखरुख लागते, आणि ती बरीच टिकते. हुरहुरीला मात्र असं कारण लागत नाही. सगळं मनासारखं झालेलं असतं, वाघही दिसलेला असतो, आणि नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर काहीतरी सुटल्यासारखं वाटत राहतं. तुमच्या नोंदीतली भावना बहुधा हीच आहे. ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दांवरून मला तसं वाटतं.

‘नाद’ इथे मी घेणार नाही. नाद लागलेल्याला घरचे बोलतात, त्या शब्दात तक्रार आहे. दुसऱ्याबद्दल कौतुकानं म्हणायला तो चालेल.

राहिला ‘जंगल’ की ‘रान’. अरण्याचा अपभ्रंश होत रान झालं, पण देशावर ‘आबा रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत. तिथल्या वाचकाला ‘रानाची ओढ’ म्हणजे शेतीची ओढ वाटू शकते, म्हणून ताडोबासाठी ‘जंगल’ स्पष्ट. शिवाय त्या शब्दाचा जुना अर्थ इथे चांगला बसतो. आयुर्वेदात ‘जांगल’ देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा, कोरडा मुलूख. दाट झाडीचा अर्थ नंतर आला आणि तोच पुढे इंग्रजीत गेला. ताडोबाचं जंगल शुष्क पानगळीचं, साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबूचं. एप्रिल-मे महिन्यांत पानं झडून ते जुन्या अर्थानंही जांगल दिसतं. ‘राष्ट्रीय उद्यान’ हे कायद्यातलं नाव. भावनेच्या वाक्यात ते नको, कारण उद्यान म्हटलं की बाग डोळ्यांसमोर येते. बोरिवलीकरसुद्धा ‘नॅशनल पार्कात जातो’ म्हणतात, ‘राष्ट्रीय उद्यानात’ म्हणत नाहीत.

तर वाक्य असं करता येईल: ‘ताडोबाहून आल्यापासून जंगलाची हुरहूर लागून राहिली आहे.’ आधीही अनेकदा गेला असाल, तर ‘जंगलाची ओढ काही केल्या सुटत नाही.’

आणि ‘ताडोबाची’च लिहा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्यासारखं हे ‘-बा’ लागलेलं देवाचं नाव आहे. विठोबाची, खंडोबाची, तशी ताडोबाची. ‘घोडा-घोड्याची’ हा नियम इथे लागू होत नाही. ‘ताडोबाला गेलो’ आणि ‘ताडोबात फिरलो’ दोन्ही बरोबर. पहिल्यात गावाला किंवा देवाला जाण्याचा भाव आहे, दुसऱ्यात जंगलाच्या आत असण्याचा.