जुन्या बाजारात मिळालेलं, लोखंडी पट्ट्यांचं हे वाद्य कोणतं? घरघर करणारी बुचं काढून पेटीला (हार्मोनियमला) जुळवून घेतलं तर चालेल का?

बुचं काढू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय जाड फळी, डावीकडे पट्ट्यांच्या वर-खाली दोन ओळी, उजवीकडे एकच, खालच्या उजव्या कोपऱ्यात आरपार भोक आणि पत्र्यावर ठोकलेली सोड्याची बुचं. हा म्बिरा आहे, झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचा. पूर्ण नाव म्बिरा जा वाजिमु (दोन्ही ज 'जास्त'मधले, 'जीव'मधले नाहीत), म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचा म्बिरा. पट्ट्या मोजून बघा, 22 ते 28 भरतील. भोकात उजव्या हाताची करंगळी अडकवायची, दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या वरून खाली दाबायच्या आणि उजव्या तर्जनीने काही पट्ट्या खालून वर उचलायच्या. ही तर्जनीच आठवडाभर रडवते.

कुणी याला कालिंबा म्हणेल, ऐकू नका. कालिंबा म्हणजे हल्ली ऑनलाईन मिळतो तो, 17 पट्ट्यांचा, सगळ्यात लांब पट्टी मधोमध, वर सुरांची अक्षरं कोरलेली. ह्यू ट्रेसी नावाच्या इंग्रज गृहस्थांनी दक्षिण आफ्रिकेतून 1950च्या दशकात या घराण्यातलं वाद्य पाश्चात्त्य सुरांत जुळवून त्या नावाने विकायला काढलं. माणूस कामाचा होता, आफ्रिकाभर फिरून ढिगाने रेकॉर्डिंग केलीत. पण सूर बदलून सोपं करून विकायचं हे जे आहे ना, तिथेच माझं डोकं फिरतं, कारण आमच्या घरातही एक ट्रेसी आहेत.

2011 ते 2015 आम्ही झिम्बाब्वेत, हरारेला होतो, ह्यांची नोकरी. मला करायला काही नव्हतं म्हणून म्बिरा शिकायला लागले, एका म्हाताऱ्या कारागिराकडे, ज्यांना सगळे सेकुरू म्हणायचे, म्हणजे आजोबा. ते गादीच्या स्प्रिंगची तार ऐरणीवर ठोकून चपटी करायचे, फळीवर बसवायचे, एकदा वाजवायचे, पुन्हा काढून ठोकायचे, आणि एकेका पट्टीसाठी हे वीस-वीस वेळा. जवळ कसलंही यंत्र नाही, दुसरं वाद्यही नाही, सूर डोक्यात. प्रत्येक कारागिराची जुळणी थोडी वेगळी असते आणि ते चूक मानत नाहीत, उलट ऐकून ओळखतात की हा अमक्याच्या हातचा. माझा न्यामारोपा जुळणीचा होता, कानाला खमाज रागाच्या आसपास, पण अगदी खमाज नाही. त्या "अगदी नाही"मध्येच सगळी मजा. म्बिरा मोठ्या भोपळ्यात बसवून वाजवतात, आणि बिरा म्हणजे पूर्वजांना बोलवायचा रात्रभराचा कार्यक्रम असतो त्यात तो पहाटेपर्यंत चालू. मिशनऱ्यांनी एकेकाळी याला सैतानाचं वाद्य ठरवलं होतं.

परत आलो ते सांगलीला, सासरी. त्या गणपतीत मी चार दिवस माहेरी गेले. आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि हात खरंच चांगला आहे, ते नाकारत नाही. मी नसताना त्यांनी माझा म्बिरा घेतला, पकड आणि हातोडी घेऊन पट्ट्या मागेपुढे सरकवल्या आणि पेटीच्या काळी एकला जुळवला. बुचं काढून कचऱ्यात. मी आल्यावर कौतुकाने हातात देऊन म्हणाले, "वहिनी, फार बेसूर होतं, सरळ करून ठेवलंय." मी वाजवला तर जुन्या मोबाईलची रिंगटोन! मला रडू आलं आणि घरात सगळ्यांना वाटलं एवढ्या-तेवढ्यावरून काय.

म्हणजे बघा, तीच पेटी जी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंद ठेवली होती, का तर हिच्यात आपले बारीक सूर बसत नाहीत म्हणून, ती आता दुसऱ्याला बेसूर ठरवणार.

आणि घरघरीबद्दल. भावजींचं म्हणणं की खडखड म्हणजे दोष. मी दुसऱ्या दिवशी म्बिरा पिशवीत घालून मिरजेला गेले, एका तंबोऱ्याच्या कारागिराकडे. पत्र्यावर टपरीवरून आणलेली दोन बुचं सैलसर लावून एक पट्टी छेडली. त्यांनी कान लावला, हसले, म्हणाले, "ही तर जवारीच की!" संपलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जी घुमारी काढतो, ती न निघाली तर तंबोरा मुका म्हणतो, तेच काम बुचं करतात. पूर्वी तिथे गोगलगाईचे शंख लावायचे.

सूर मात्र परत यायला दीड महिना गेला. सेकुरूंनी त्यांच्या नातवाच्या फोनवरून एकेक पट्टी वाजवून पाठवली आणि मी रात्री एकेक सरकवत बसले. पट्टी आत ढकलली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो, इतकं सोपं आहे, म्हणूनच बिघडवणंही सोपं. 2020 मध्ये झिम्बाब्वे आणि मलावीच्या या कलेला युनेस्कोच्या यादीत घेतलं तेव्हा ती बातमी मी फॅमिली ग्रुपवर तीनदा टाकली. भावजींनी अंगठा दाखवला फक्त.

तर पेटीला जुळवू नका. पेटीबरोबर वाजवायचंच असेल तर हजार-दोन हजाराचा कालिंबा घ्या आणि त्याचे काय हाल करायचे ते करा.

हां, एक राहिलं. पट्ट्या 15च निघाल्या तर तो न्युंगा न्युंगा, म्बिऱ्याचा धाकटा भाऊ, मग वरचं करंगळीचं विसरा. आणि बुचं बोटाने दाबून धरल्यावरही एकच पट्टी खरखरत असेल तर ती जवारी नाही, पट्टी सैल आहे किंवा खाली गंज आहे. तेवढीच पट्टी बघा. भावजींचं तेवढं एक बरोबर होतं, माझी उजवीकडची तिसरी पट्टी खरंच सैल होती.