टाइलवर काय असते, अक्षर की वर्ण?

प्रश्न असा आहे: स्क्रॅबल या पटावर शब्द जुळवायच्या खेळातल्या ‘लेटर टाइल’ला, म्हणजे अक्षर छापलेल्या छोट्या चौकोनी तुकड्याला, मराठीत ‘अक्षरसोंगटी’ म्हटले तर चालेल का?

‘सोंगटी’ला माझा विरोध आहे. सोंगटी पटावर चालते, मारली जाते, पुन्हा पटावर येते. स्क्रॅबलची टाइल एकदा मांडली की जागची हलत नाही. ‘ठोकळा’ जास्त जवळचा, कारण मुलांचे अक्षरांचे लाकडी ठोकळे आपल्या ओळखीचे आहेत. बोलताना नुसते ‘टाइल’ म्हटले तरी काही बिघडत नाही. खरी अडचण ‘अक्षर’ या शब्दात आहे.

‘तिचे अक्षर सुंदर आहे’ म्हणताना आपण हस्ताक्षराबद्दल बोलतो. ‘तीन अक्षरी शब्द सांग’ म्हटले की अक्षर म्हणजे वेगळेच काही. ‘पुस्तक’ शब्दकोड्यात भरायला तीन घरे लागतात: पु, स्त, क. व्याकरणाप्रमाणे मात्र त्यात सात वर्ण आहेत: प्, उ, स्, त्, अ, क्, अ. इंग्रजी ‘लेटर’ला आपण सरसकट ‘अक्षर’ म्हणतो तेव्हा यातले कोणते मोजायचे, हे सांगायचे राहूनच जाते.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. वेल्शमध्ये ‘पुस्तक’ या अर्थाचा शब्द रोमन लिपीतल्या पाच खुणांनी लिहितात, पण वेल्श माणूस त्यात चारच अक्षरे मोजतो. सुरुवातीची एल-एल ही जोडी त्याच्या लेखी एकच अक्षर आहे. वेल्श शब्दकोड्यात ती जोडी एकाच घरात बसते आणि वेल्श स्क्रॅबलमध्ये एकाच टाइलवर छापलेली असते. आपला ‘स्त’ एका घरात बसतो, तसेच हे. स्पॅनिशची गोष्ट आणखी रंजक आहे. तिथे सी-एच आणि एल-एल या जोड्यांना 1994 साली कोशातल्या वर्णक्रमातून आणि 2010 साली खुद्द वर्णमालेतून वगळले. तरी स्पॅनिश स्क्रॅबलमध्ये त्यांच्या टाइल अजून आहेत. हिब्रूत बहुतेक लिखाण स्वरचिन्हांशिवाय होते, म्हणून तिथल्या टाइलवरही ती चिन्हे नसतात. स्वर खेळणाऱ्याने मनात भरायचे.

आता मराठीकडे या. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी 408 अक्षरे होतात, त्यात जोडाक्षरे धरलेलीच नाहीत. इंग्रजी स्क्रॅबलच्या पिशवीत सगळ्या मिळून 100 टाइल असतात. पूर्ण अक्षरे छापायची कल्पना इथेच अडते. वर्ण छापले तर पिशवीत ‘अ’चीच गर्दी होईल. शिवाय ‘पुस्तक’च्या शेवटी आपण ‘अ’ उच्चारतच नाही, मग ती टाइल लावायची का, यावरून भांडण ठरलेले.

माझ्या मते वाट हिब्रूच्या बाजूने जाते. टाइलवर फक्त व्यंजने आणि सुटे स्वर असावेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार मोफत. ‘पुस्तक’साठी प, स, त, क अशा चार टाइल मांडायच्या. एकच ‘क’ आडव्या शब्दात ‘का’ आणि उभ्यात ‘कि’ वाचायची मुभाही द्यावी. शब्दकोड्यात हे चालत नाही, पण इथे त्यानेच खेळ मोकळा होईल.

या टाइलवर असेल ते ना व्याकरणातला वर्ण, ना शब्दकोड्यातले अक्षर. अशा तुकड्याला मराठीत जुना शब्द आहे: खिळा. शिशाच्या टायपाला छापखान्यात खिळा म्हणत आणि खिळे जुळवणाऱ्याला जुळारी. अर्धा स, काना, वेलांटी यांचे खिळे वेगळे असत. एका अक्षराला कधी दोन-तीन खिळे लागत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. म्हणून लेखनात मी ‘अक्षरखिळा’ सुचवेन. ‘खिळा’ म्हटले की आधी हातोडी आठवते हे मान्य, पण पुढे ‘अक्षर’ जोडले की तो गोंधळ उरत नाही.

राहिला प्रत्येक टाइलच्या गुणांचा प्रश्न. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स याने 1930च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून टाइलची संख्या आणि गुण ठरवले. जे अक्षर भाषेत कमी येते त्याला गुण जास्त, म्हणूनच इंग्रजीत झेडला दहा गुण आहेत आणि पोलिशमध्ये फक्त एक. मराठीत अशी मोजणी करताना ‘ण’ नीट पाहावा लागेल. ‘ण’ने सुरू होणारा शब्द सापडणे कठीण, पण करणे, बसणे, उठणे, हसणे असे कोशातले प्रत्येक क्रियापद त्याच्यावर संपते. इंग्रजीत एस जोडून सहज अनेकवचन होते आणि तिथे एसच्या टाइल चारच आहेत. मराठी पिशवीत ‘ण’ चारपेक्षा जास्त नसावेत, असे मला वाटते.