पेरेंट प्रोसेसला चाइल्ड संपेपर्यंत थांबवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या तुमच्या मंडळाचे गणेशोत्सवाचे ८०० फोटो लहान करायला लिनक्सवर सीमध्ये प्रोग्राम लिहिलाय. तो फोर्क (चालू प्रोसेसची नक्कल काढणारा कॉल) करून ४ चाइल्ड, म्हणजे नकला, काढतो आणि पेरेंटला, म्हणजे मूळ प्रोसेसला, थांबवायला शेवटी स्लीप(३०) घातलंय. १० फोटोंना ठीक चालतं, फक्त त्या ३० सेकंदांत पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) ४ ‘डिफंक्ट’ दिसतात. ८०० फोटोंना मात्र ‘सगळं झालं’ आधीच छापून येतं आणि फोटो नंतर येत राहतात.

दोन्हींचं मूळ एकच. तुमचा पेरेंट चाइल्डची वाट पाहतच नाहीये, घड्याळाची पाहतोय. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खाण्याची दुकानं लागतात ती सोन्याचांदीच्या दुकानाचं शटर खाली आलं की. पेरेंटलाही असं शटरकडे बघायला लावायचंय. त्यासाठीच वेट हा कॉल आहे.

चाइल्ड संपला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याची मेमरी आणि उघड्या फाइली सोडवून घेतो. पण त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि तो कसा संपला याची नोंद मात्र ठेवतो, पेरेंट येऊन ती नेईपर्यंत. न नेलेली नोंद म्हणजेच तुमचे डिफंक्ट, ऊर्फ झोंबी. किल -९ ने (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) ते जात नाहीत. मेलेल्याला काय मारणार! वेट दोन कामं करतो: चाइल्ड संपेपर्यंत पेरेंटला झोपवतो, आणि ती नोंद उचलून झोंबी मोकळा करतो. पेरेंटच आधी संपला तर चालू असलेले चाइल्ड सहसा पीआयडी १ कडे, म्हणजे सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसकडे, दत्तक जातात. म्हणून तुमचे उरलेले फोटो झाले खरे, पण त्यांची दखल घ्यायला पेरेंट जागेवर नव्हता.

आता बदल. पहिल्या लूपमध्ये चारही फोर्क उरका, मग दुसऱ्या, वेगळ्या लूपमध्ये वेट(&स्टेटस) बोलवा. एका वेळी तो एकच चाइल्ड उचलतो, जो आधी संपेल तो, आणि त्याचा पीआयडी परत देतो. कोणी उरलं नाही की -१ येतो आणि एरनोमध्ये (कॉल का फसला ते सांगणारा व्हेरिएबल) ईचाइल्ड असतं. तिथे लूप सोडायचा. एरनो ईआयएनटीआर असेल तर मध्येच सिग्नल (प्रोसेसला मिळणारी सूचना) आला एवढाच अर्थ, पुन्हा वेट करा. नुसता -१ बघून लूप सोडणारे इथेच फसतात.

वेट फोर्कच्याच लूपमध्ये टाकला तर पहिला संपल्याशिवाय दुसरा निघणार नाही. चार चाइल्ड असून काम एकाचंच. याहून वाईट चूक म्हणजे काम झाल्यावर चाइल्डला एक्झिट न करणं. मग तोही लूपमध्ये पुढे जाऊन फोर्क करत सुटतो, आणि ४ फेऱ्यांत ४ ऐवजी १५ नव्या प्रोसेस उभ्या राहतात. फोर्कने ० दिला त्या, म्हणजे चाइल्डच्या, शाखेचा शेवट एक्झिटनेच झाला पाहिजे. फोर्कच्या आधी काही प्रिंटएफ केलं असेल तर एफफ्लश(स्टडआउट) करून घ्या. नाहीतर आउटपुट फाइलमध्ये वळवलं की तीच ओळ ५ वेळा येते, कारण बफरचीही (अजून न लिहिलेला मजकूर जिथे साठतो ती जागा) नक्कल होते.

स्टेटस सरळ छापू नका. चाइल्डने एक्झिट(१) केलं तर लिनक्सवर कच्चा आकडा २५६ दिसतो आणि माणूस गोंधळतो. आधी डब्ल्यूइफएक्झिटेड विचारा, म्हणजे चाइल्ड स्वतःहून संपला का. खरं असेल तर डब्ल्यूएक्झिटस्टेटसमधून कोड काढा. नाहीतर डब्ल्यूइफसिग्नल्ड, आणि कोणत्या सिग्नलने गेला ते डब्ल्यूटर्मसिग सांगेल. कोड फक्त खालच्या ८ बिटांचा मिळतो. म्हणून ‘किती फोटो बिघडले’ हा आकडा एक्झिटमधून पाठवायचा मोह टाळा: ३०० बिघडले तर ४४ दिसतील, आणि २५६ बिघडले तर ०, म्हणजे सगळं छान!

आकडा हवाच असेल तर पाइप (एका प्रोसेसने लिहायचं, दुसरीने वाचायचं अशी नळी) वापरा, पण क्रम सांभाळून. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला की चाइल्ड लिहिताना अडकतो, पेरेंट वेटमध्ये अडकलेला असतो, आणि दोघे एकमेकांकडे बघत बसतात. आधी पाइप शेवटपर्यंत वाचा, मग वेट. पेरेंटने स्वतःकडचं लिहायचं टोक बंद केलं नाही तर तो ‘शेवट’ कधी येतच नाही.

पेरेंटला मध्ये दुसरं काम करायचं असेल तर वेटपिड(-१, &स्टेटस, डब्ल्यूनोहँग): कोणी संपलेला नसेल तर न थांबता ० देतो. सिगचाइल्डच्या (चाइल्ड संपल्यावर पेरेंटला येणारा सिग्नल) हँडलरमधून, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून, बोलवायचा असेल तर लूपमध्येच बोलवा. तीन चाइल्ड एकदम संपले तरी सिग्नल एकच पोचू शकतो, कारण हे सिग्नल रांगेत साठत नाहीत.

आणि खरं सांगू? हे सगळं शिकण्यासाठी उत्तम, पण फोटोच लहान करायचे असतील तर फाइलींची यादी एक्सआर्ग्ज या कमांडला द्या, -एन १ -पी ४ लावून. तो चार-चार प्रोसेस चालवतो, सगळ्यांसाठी थांबतो, आणि एखादी १ ते १२५ मधला कोड देऊन संपली तर स्वतः १२३ देतो.